डायलिसिसचा सल्ला मराठीतून हवा

सीमाभागातील भाषेचा प्रश्न म्हटला की जमिनीचे उतारे, पाट्या आणि शाळा एवढेच डोळ्यांपुढे येते. पण ज्याची मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत, त्याच्या बाबतीत हा प्रश्न थेट जिवाशी येऊन भिडतो.

डायलिसिसमध्ये रक्त शरीराबाहेर काढून, शुद्ध करून परत सोडतात. त्यासाठी वाट तीन प्रकारे करतात. पहिली फिस्टुला. यात हातातील धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडतात. १९६६ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी मांडलेली ही पद्धत आजही बहुतेकांसाठी सर्वांत सुरक्षित मानली जाते. मात्र शीर फुगून सुई टोचण्याजोगी व्हायला साधारण दीड ते तीन महिने लागतात. दुसरी ग्राफ्ट, म्हणजे कातडीखालची कृत्रिम नळी. ती दोन-तीन आठवड्यांत वापरता येते, पण गुठळी आणि जंतुसंसर्ग यांचा धोका अधिक. तिसरी मानेच्या शिरेत घातलेला कॅथेटर. तो लगेच कामाला येतो; पण रक्तात जंतू शिरण्याची भीती त्यातच सर्वाधिक.

म्हणजे फिस्टुलाची तयारी काही महिने आधी हवी. नेमके हेच रुग्णाला न समजणाऱ्या भाषेत सांगितले गेले तर? तो मान डोलावतो, गावी परततो आणि दम लागल्यावरच येतो. मग मानेत नळी घालण्यावाचून इलाज उरत नाही. फिस्टुला सर्वांनाच करता येतो असे नाही. वय, शिरा, हृदय पाहून डॉक्टर ठरवतील. पण निदान विचारण्याइतके तरी रुग्णाला कळले पाहिजे.

पुढची काळजीही अशीच. फिस्टुलाच्या हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधू नये, त्यातून तपासणीचे रक्त काढू नये, त्यावर झोपू नये. रोज बोटांनी थरथर तपासावी; थांबली तर ताबडतोब दवाखाना गाठावा. कॅथेटर भिजू देऊ नये. थंडी वाजून ताप आला तर घरी थांबू नये.

जेथे भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के आहेत, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असे केंद्राचे १९५६ चे निवेदन सांगते. मग बेळगाव, खानापूर, निपाणीच्या रुग्णालयांत ही माहिती एका पानावर मराठीत छापायला अडचण कोणती? कन्नडच्या जागी नव्हे, कन्नडसोबत. तोवर घरच्यांनी दोन्ही भाषा जाणणारे माणूस बरोबर न्यावे, आणि समजल्याशिवाय संमतिपत्रावर सही करू नये.