आपला माणूस, त्यांचा वर्ग

आमच्या शहरात व्हिडिओकॉनचा विषय निघाला की लोक अजूनही जरा हळवे होतात. ‘आपल्या मराठवाड्यातला माणूस पार मोझांबिकपर्यंत पोचला होता हो,’ असं म्हणतात. याच्या उलट बाजूला दुसरी मंडळी आहेत. त्यांच्या मते सगळी लूट परदेशी कंपन्यांचीच. स्कोडा, हाइनेकेन अशी नावं घेतली की त्यांचं विश्लेषण संपतं. माझं भांडण दोघांशीही आहे, कारण भांडवलाला मायभूमी असते हे दोघंही गृहीत धरतात.

आधी हळव्या मंडळींचं बघू. पैठण रोडवरच्या चितेगावला कारखाना असलेल्या या समूहाने २००५ मध्ये थॉमसन या फ्रेंच कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला. इटली, पोलंड, मेक्सिको आणि चीनमधले कारखाने त्यात होते. तेव्हा ही भारताची झेप म्हणून टाळ्या पडल्या. पण सपाट पडद्यांनी पिक्चर ट्यूब संपवलीच, आणि काही वर्षांत इटलीतल्या अनाग्नीचे कामगार रस्त्यावर आले. त्यांना ‘भारतीय भांडवल’ काही वेगळं वाटलं असेल का? चितेगावच्या कामगाराचा आणि त्यांचा मालक एक होता. मालक दोन्हीकडे जाऊ शकत होता. कामगारांना एकमेकांचं नावही माहीत नव्हतं.

मोझांबिकची गोष्ट याहून बोलकी आहे. रोवुमा खोऱ्यातल्या वायुसाठ्यात २००८ मध्ये घेतलेला १० टक्के हिस्सा समूहाने ओएनजीसी विदेश आणि ऑइल इंडिया या सरकारी कंपन्यांना २४७.५ कोटी डॉलरना विकला. व्यवहार जानेवारी २०१४ मध्ये पुरा झाला. त्या प्रकल्पासाठी काबो देल्गादो प्रांतातल्या मच्छीमारांची गावं उठवली गेली. २०२१ मध्ये पाल्मा शहरावर हल्ला झाला आणि टोटलने काम थांबवलं. आपला माणूस त्याआधीच पैसे घेऊन बाहेर पडला होता. हिस्सा आता आपल्या सर्वांच्या, म्हणजे सरकारच्या, गळ्यात होता.

एवढं होऊनही समूहाचं कर्ज काही फिटलं नाही. जून २०१८ मध्ये व्हिडिओकॉन इंडस्ट्रीज दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. समूहातल्या १३ कंपन्यांवर सुमारे ६४,८३८ कोटींचे दावे मान्य झाले आणि वेदांत समूहाच्या ट्विन स्टारने बोली लावली २,९६२ कोटींची. जून २०२१ मध्ये ती मंजूर करताना न्यायाधिकरणानेच नोंदवलं की बोलीदार जवळपास काहीच देत नाही. माल आणि सेवा पुरवणाऱ्यांच्या वाट्याला तर ९९.२८ टक्क्यांची कात्री आली. त्यांत कितीतरी लघुउद्योजक होते. जानेवारी २०२२ मध्ये अपिलात ही मंजुरी रद्द झाली. पण नियम काय आहे ते कळून चुकलं: नफा सरहद्द ओलांडतो, तोटा सरकारी बँकेच्या खातेदाराकडे मुक्कामाला येतो.

आता मुकुंदवाडी. चिकलठाणा एमआयडीसीला लागून असलेल्या या वस्तीत जालना, बीड, परभणीकडून आलेली माणसं भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि शिफ्टवर जातात. दिवाळखोरी कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे कंपनी मोडीत निघाली तर कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी तारणधारक बँकांच्या बरोबरीने धरली जाते. कागदावर चांगलंच आहे. पण ठेकेदाराच्या हजेरीपटावरचा माणूस कंपनीच्या यादीत सहसा सापडतच नाही. भांडवल वायूसाठी हिंदी महासागर ओलांडतं. २०१९ च्या दुष्काळात याच मुकुंदवाडीची लहान मुलं पाण्याचे कॅन भरायला रेल्वेने औरंगाबाद स्टेशनला जात होती. कोणाला कशासाठी किती लांब जाता येतं, यालाच मी वर्ग म्हणतो.

लेस्ली स्क्लेअर या समाजशास्त्रज्ञाने २००१ मध्ये ‘राष्ट्रपार भांडवलदार वर्गा’वर पुस्तक लिहिलं. त्याच्या मते या वर्गात मालकांबरोबर राजकारणी, नोकरशहा आणि व्यावसायिक तज्ज्ञही येतात. म्हणजे माझ्यासारखे इंजिनिअर लांब राहिलेले नाहीत. परदेशातल्या गिऱ्हाइकाच्या वेळेनुसार जागणारे आम्ही स्वतःला या वर्गाचे धाकटे भाऊ समजतो. पण एका ईमेलवर प्रोजेक्ट बंद होतो, तेव्हा आमची जात शिफ्टवाल्याचीच असते. फक्त आमच्या गळ्यातल्या ओळखपत्राची पट्टी जरा रंगीत असते.

परदेशी मंडळींना शिव्या देणाऱ्यांना म्हणूनच विचारतो, उद्या हाइनेकेनच्या जागी मराठी मालक आला तर ठेकेदारी बंद होईल का? धूतांच्या काळात झाली होती का?

चितेगावच्या पुढे बिडकीन आहे. तिथल्या ऑरिकमध्ये येण्यासाठी टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारशी सुमारे २०,००० कोटींचा सामंजस्य करार केला. पुन्हा फटाके, पुन्हा अभिमान. कारखाना यावाच. पण किती कामगार कायम, किती ठेक्यावर, आणि कंपनी गेली तर ठेक्यावरच्यांची थकबाकी कोण देणार, हे करारातच लिहून जाहीर करा, एवढी मागणी तरी आपण करू या. मालक जपानी की आपला, हा प्रश्न त्यानंतर.