युद्धकैदी कोणास म्हणावे?

गोवा मुक्तिदिनाच्या तयारीच्या दिवसांत आमच्या नववीच्या वर्गात एक प्रश्न निघाला. छत्तीस तासांत शस्त्रे खाली ठेवणाऱ्या पोर्तुगीज शिपायांचे पुढे काय झाले? "तुरुंगात घातले असेल," असे एकजण म्हणाला. "भित्र्यांना दुसरे काय मिळणार?" अशी दुसऱ्याने पुस्ती जोडली आणि वर्ग हसला. हसण्यात कपट नव्हते. पण त्या दोन उत्तरांत दोन गैरसमज आहेत, आणि ते केवळ मुलांचेच आहेत असे नाही. म्हणून त्यांविषयी येथे लिहिण्याचे योजिले आहे.

कैदी म्हटला की गुन्हा, खटला आणि शिक्षा ही मालिका डोळ्यांपुढे उभी राहते. युद्धकैद्याने गुन्हा केलेला नसतो. तो आपल्या राष्ट्राच्या आज्ञेने लढतो आणि युद्धाचे नियम पाळून लढणे हा अपराध नव्हे. त्याला अडकवून ठेवावयाचे ते इतक्याचसाठी, की त्याने पुन्हा रणांगणात उतरू नये. ही शिक्षा नव्हे, अटकाव आहे. शिक्षेला मुदत असते. अटकावाला कारण असते, आणि कारण संपले की अटकावही संपला पाहिजे.

हा विचार जगाला फार उशिरा सुचला. १७६१ साली पानिपतावर हाती लागलेल्या मराठ्यांची कत्तल झाली, बायकामुले गुलाम म्हणून नेली गेली; त्या काळी यात कोणाला नवल वाटले नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात तीस लाखांहून अधिक रशियन युद्धकैदी उपासमारीने, थंडीने आणि गोळीने मेले. रशियाने १९२९च्या करारावर सही केलेली नाही, ही सबब तेव्हा पुढे करण्यात आली होती. त्या अनुभवातून १२ ऑगस्ट १९४९ रोजी जिनिव्हा येथे चार करार झाले. त्यांतील तिसरा सर्वस्वी युद्धकैद्यांचा आहे. भारताने तो १९५० साली मान्य केला आणि १९६० साली त्यासाठी कायदाही केला.

या करारातील काही कलमे विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावीत. कैदी हा त्याला पकडणाऱ्या शिपायाचा किंवा पलटणीचा नसतो. तो शत्रुराष्ट्राच्या हवाली असतो आणि त्याच्या जिवाची जबाबदारी त्या राष्ट्रावर असते. विचारल्यास त्याने आपले नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि क्रमांक एवढेच सांगावे. त्यापुढे त्याच्यावर बळजबरी करता येत नाही. मारहाणीपासून जसे त्याचे रक्षण करावयाचे, तसेच अपमानापासून आणि लोकांच्या कुतूहलापासूनही. त्याची धिंड काढणे किंवा त्याला प्रदर्शनात मांडणे करारास मंजूर नाही. पळून जाण्याचा प्रयत्न फसला, तरी त्याबद्दल शिस्तभंगाच्या सौम्य शिक्षेपलीकडे जाता येत नाही. पळण्याची इच्छा शिपायाला असणारच, हे करार लिहिणाऱ्यांनी समजून घेतले होते. माझ्या मते साऱ्या करारातील हे सर्वांत सुज्ञ कलम होय. आणि लढाई थांबताच विनाविलंब त्याला घरी पाठवावयाचे.

आता आमच्या गोव्याकडे वळू. १९ डिसेंबर १९६१ च्या सायंकाळी गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्व्हा यांनी शरणागती दिली. आमच्याकडे ज्यांना 'पाखले' म्हणत, ते तीन हजारांहून अधिक शिपाई फोंडा, वास्को, आग्वाद आदी ठिकाणच्या छावण्यांत ठेवले गेले. तेथे सर्व काही कराराबरहुकूम झाले असे म्हणवत नाही. मार्च १९६२ मध्ये फोंड्याच्या छावणीतून पळण्याचा एक प्रयत्न फसला, त्यानंतर एका अधिकाऱ्याला मारहाण झाल्याचे पोर्तुगीज बाजूने नमूद आहे. विजयी पक्षाने हेही वाचावे. तरीही ते होते युद्धकैदी, आणि त्या नात्याने मे १९६२ मध्ये विमानाने कराची व तेथून जहाजाने लिस्बन असे ते स्वदेशी परतले.

खरी अवहेलना पुढेच होती. सालाझारने लढाईपूर्वीच कळविले होते, की त्याला गोव्यातून विजेते हवेत किंवा मृत, कैदी नकोत. सांता क्रूझचे किंवा म्हापशाचे रस्ते रक्ताने माखले असते, तरी निकाल बदलणार नव्हता, हे वासालु इ सिल्व्हा यांना दिसत होते. त्यांनी माणसे वाचविली. त्यांत त्यांचे शिपाई होते तसे आमचे वाडवडीलही होते. लिस्बनच्या धक्क्यावर परतलेल्यांचे स्वागत लष्करी पोलिसांनी केले. मार्च १९६३ मध्ये त्यांना आणि आणखी काही अधिकाऱ्यांना सैन्यातून बडतर्फ करण्यात आले. १९७४ साली पोर्तुगालात क्रांती झाली, तेव्हा कोठे त्यांचा हुद्दा परत मिळाला. शत्रूपासून कैद्याला वाचविणारा करार आहे. स्वतःच्या सरकारच्या तिरस्कारापासून वाचविणारा नाही. वर्गातील त्या 'भित्र्या' शब्दाला माझा आक्षेप आहे तो यामुळे. तो शब्द सालाझारचा आहे. तो आमच्या मुलांच्या तोंडी का यावा?

मात्र याच कथेची दुसरी बाजू अधिक बोचणारी आहे. मोहन रानडे हे सांगलीचे, गोव्यात येऊन मराठी शिकविणारे शिक्षक. म्हणजे आमच्याच व्यवसायातले. आझाद गोमंतक दलातून ते सशस्त्र लढले, १९५५ साली जखमी अवस्थेत पकडले गेले आणि त्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली. गोवा हा आपलाच प्रांत आहे असे पोर्तुगालचे म्हणणे असल्यामुळे रानडे त्या सरकारच्या दृष्टीने शिपाई नव्हते, बंडखोर गुन्हेगार होते. १९४५ साली लाल किल्ल्यातील खटल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांपुढे हाच पेच होता; पारतंत्र्यातील लोकांना स्वातंत्र्यासाठी युद्ध करण्याचा हक्क आहे, अशी बाजू भुलाभाई देसाईंनी तेथे मांडली होती. त्यातले सार पुढे १९७७ च्या जादा मसुद्यात आले. वसाहतवादी सत्तेविरुद्धचा सशस्त्र लढा हे आंतरराष्ट्रीय युद्ध मानावे, असे त्यात म्हटले आहे. भारताने हा मसुदा अद्याप स्वीकारलेला नाही. देशांतर्गत बंडखोरांना त्याचा लाभ मिळेल, ही भीती मला समजते. पण ज्या देशाचे स्वातंत्र्यसैनिक आग्वादच्या कोठड्यांत साधे गुन्हेगार म्हणून राहिले, त्याने या कलमापासून दूर राहावे, हे मला पटत नाही.

पोर्तुगीज शिपाई पाच महिन्यांत घरी पोहोचले. रानडे लिस्बनजवळच्या काशियश येथील किल्ल्यातून सुटले ते जानेवारी १९६९ मध्ये; तोपर्यंत गोवा स्वतंत्र होऊन सात वर्षे उलटून गेली होती.