पहारा उठवला की काय होते

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना मताचा हक्क १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने मिळाला. दक्षिणेतील गोऱ्या सत्ताधाऱ्यांनी मतदान-कर आणि साक्षरता परीक्षा लादून तो कागदावरच ठेवला. सेल्माच्या पुलावर रक्त सांडले, तेव्हा कुठे १९६५ चा मताधिकार कायदा झाला.

त्याचा कणा होता कलम ५. भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांनी निवडणुकीचा नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी घ्यायची. पुराव्याचा भार पीडितावर नव्हे, सत्तेवर! आम्ही कोर्टाची पायरी चढणारे जाणतो, अर्धा खटला तिथेच जिंकला जातो.

२५ जून २०१३ रोजी शेल्बी काउंटी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही राज्ये ठरविणारे सूत्रच रद्द केले. कलम ५ पुस्तकात राहिले, ते लावायला राज्य उरले नाही. कारण काय, तर परिस्थिती बदलली! 'आता जात कुठे राहिली?' हा आपल्याकडचा सवाल याच कुळातला. बहुसंख्याकांच्या सदिच्छेवर हक्क सोपवू नका, असे बाबासाहेब बजावत आले ते उगीच नव्हे. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनीही विरोधी निकालपत्रात सुनावले की, भिजत नाही म्हणून भर पावसात छत्री फेकण्याचा हा प्रकार आहे.

पाऊस त्याच दिवशी आला. टेक्सासने रोखून धरलेला मतदार-ओळखपत्राचा कायदा लागू केल्याचे जाहीर केले. त्यात पिस्तुलाचा परवाना चालत होता, विद्यार्थ्याचे ओळखपत्र चालत नव्हते.