वेगाचा माज आणि सातबारा

"सगळा डेटा पुन्हा कशाला मोजायचा? बदललं तेवढंच अपडेट करा!" डिझाइन मीटिंगमध्ये हे छाती काढून सांगणारा एक तरी महाभाग असतोच. पहिल्यापासून मोजणारा बावळट, डेल्टा लावणारा हुशार... मला हे साफ अमान्य आहे.

आमच्या वाशिम जिल्ह्यातलाच सातबारा घ्या. रिसोडकडे एका शेताची वाटणी झाली म्हणून कुणी अख्ख्या गावाची मोजणी करत नाही. तलाठी (नवं नाव ग्राम महसूल अधिकारी) गाव नमुना ६ मध्ये फेरफार घेतो, संबंधितांना नोटीस जाते, मंडळ अधिकारी प्रमाणित करतो आणि तेवढाच बदल सातबाऱ्यावर चढतो. अस्सल इन्क्रिमेंटल अपडेट! रोज मोजणी परवडणारच नाही, हे मलाही मान्य.

पण चूक साचते कशी ते बघा. शेतकरी एकर-गुंठ्यात बोलतो, सातबारा हेक्टर-आरमध्ये. ४० गुंठे म्हणजे ४०.४७ आर. कुणी "गुंठा काय अन् आर काय" म्हणत ४० लिहिलं, तर एकरामागे जवळपास ४७ चौरस मीटर गायब. पुढची वाटणी त्याच आकड्यावर, त्यापुढची तिच्यावर. प्रत्येक फेरफार नियमाप्रमाणे, तरी बेरीज चुकलेली. आणि महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम १५७ सांगतं की उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरीच धरायची. म्हणजे ऐन खरिपात, पीककर्जाच्या वेळी, हेलपाटे कुणाला? शेतकऱ्याला.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. व्हँकुव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक १९८२ मध्ये १००० वर सुरू झाला. दर सौद्याला तो थोडासा बदलायचा आणि तीन दशांशांपुढचे आकडे छाटून टाकायचे, अशी पद्धत. नोव्हेंबर १९८३ मध्ये तो ५२४ च्या आसपास होता. पहिल्यापासून मोजला तर १०९८!

सातबारा निदान दुरुस्त तरी होऊ शकतो, कारण नोंदीशेजारी फेरफार क्रमांक असतो. त्यावरून मागे जात घोळ शोधता येतो, आणि लेखनातली चूक असेल तर कलम १५५ आहे. २०१७ मध्ये संगणकीकृत सातबाऱ्यांचं राज्यभर चावडीवाचन झालं, तेही ताडून बघण्यासाठीच. आपल्या किती सिस्टिम्समध्ये एवढी तरी सोय असते?

तेव्हा डेल्टा खुशाल लावा. पण बदलांची नोंदवही फेकू नका, आणि ठरावीक दिवसांनी सगळं मुळापासून मोजून जुळवून बघा. सहा तास लागतात? रविवारी पहाटे चालवा. फरक निघाला तर गुपचूप नवा आकडा चढवू नका. कुठल्या बदलानं घाण केली ते आधी शोधा. तो आकडा कुणाचा तरी पगार असतो, कुणाचं बिल, कुणाची जमीन. तो पुन्हा मोजायची सोयच ठेवली नसेल, तर वेगाच्या गप्पा मारू नका.