एका रात्रीची जागा

महामार्ग बांधणाऱ्या सरकारचें कर्तव्य रस्ता पुरा झाला कीं संपतें काय? अमेरिकेसारख्या संपन्न देशाबद्दल हा प्रश्न विचारावा लागावा, हें चमत्कारिक वाटेल. परंतु घरगाडी घेऊन तो देश एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत ओलांडूं पाहणाऱ्यास तो दररोज सूर्यास्ताच्या सुमारास पडतो. 'आर.व्ही.' या आद्याक्षरांनीं ओळखली जाणारी ही गाडी म्हणजे चूल, बिछाना व शौचकूप यांसह चालणारी खोलीच. न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को हें अंतर सुमारें ३,००० मैल. आणि मोठी घरगाडी एका गॅलनला आठदहा मैलांपलीकडे जात नाहीं. इंधनाचा खर्च टळत नाहीं, तेव्हां काटकसर करावयाची ती रात्रीच्या जागेंत. त्या जागेंत हवें तरी काय? सपाट जमीन आणि कांहीं तासांची निर्धास्त झोप. एवढी साधी गोष्ट मिळविणें ही तेथें एक विद्याच होऊन बसली आहे.

यावर एक ठराविक उत्तर मिळतें. ज्यांना एवढी गाडी परवडते, त्यांना रात्रीचें भाडें कां परवडूं नये? दुकानाच्या पटांगणांत गाडी लावून निजणें हा निव्वळ फुकटेपणा होय! हें उत्तर तेथील नगरसभांत ऐकूं येतें, तसें तेथें स्थायिक झालेल्या आपल्या सुशिक्षित मंडळींच्या दिवाणखान्यांतही. आमच्या मतें तें सर्वस्वीं चुकीचें आहे.

ही जागा तेथें एके काळीं मोफत होती. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी स्वस्त झाल्या, लोक तंबू घेऊन हिंडूं लागले, तेव्हां अनेक गांवांनीं त्यांच्यासाठीं मोफत तळ उघडले. डेन्व्हर शहराचा ओव्हरलँड पार्क त्यांत विशेष प्रसिद्ध होता. उतरलेला प्रवासी गांवांत चार पैसे खर्च करील, हा त्यांतील सरळ हिशेब. पुढें जुन्या मोटारींतून कामाच्या शोधांत फिरणारे गरीबही येऊं लागले. तेव्हां १९२०-३० या दशकाच्या मध्यास गांवोगांव शुल्क बसलें. त्यामागें नकोशीं माणसें गाळण्याचा हेतूही होता. नंतर खासगी तळांचा व्यवसाय वाढला. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. गरम पाण्याचें स्नान, वीज व पोहण्याचा तलाव ज्यांना हवा त्यांनीं खुशाल दाम मोजावे. परंतु रात्रीं नऊला येऊन सकाळीं सहाला निघणाऱ्यानें न पाहिलेल्या तलावाचे पैसे कां भरावे?

१९५६ च्या कायद्यानें सुमारें ४१,००० मैलांचें आंतरराज्य महामार्गांचें जाळें विणण्याचें ठरलें. त्या मार्गांवर विश्रांतिस्थळेंही झालीं. पण विश्रांतीचा अर्थ राज्यागणिक बदलतो : मोटारप्रवाशास फ्लोरिडांत ३ तास, कॅलिफोर्नियांत ८, टेक्ससमध्यें २४. तीन तासांत कोणाची झोप होते? उलट मालमोटार हांकणाऱ्यास संघराज्याचा नियम ११ तास गाडी चालविल्यावर सलग १० तास विश्रांति घ्यावयास लावतो. म्हणजे थकलेला चालक स्वतःबरोबर परक्यांच्याही जिवाला धोका आहे, हें सरकारला पक्कें ठाऊक आहे. तरी त्या चालकांनाही जागा पुरत नाहीं. २००९ सालीं दक्षिण कॅरोलिनांत एका बंद पडलेल्या पेट्रोलपंपाच्या आवारांत थांबलेल्या चालकाचा लुटीसाठीं खून झाला, तेव्हां कोठें २०१२ मध्यें मालमोटारींच्या तळांकडे लक्ष देणारा कायदा झाला. घरगाडीवाल्यांसाठींही असाच बळी हवा आहे काय?

पश्चिमेकडे सरकारी जमीन उदंड आहे. भूमिव्यवस्थापन खात्याच्या ताब्यांत सुमारें २४ कोटी ५० लाख एकर असून तिच्या बऱ्याच भागावर २८ दिवसांत १४ दिवस मोफत तळ ठोकतां येतो. पण इलिनॉय वा ओहायो ओलांडणाऱ्यास तिचा काय उपयोग? त्याला उरतें तें वॉलमार्टसारख्या दुकानाचें पटांगण. आणि तेथें राहूं द्यावें कीं नाहीं, हें त्या दुकानाचा व्यवस्थापक व गांवचा नियम ठरवितो. मर्जीवर सोंपविलेली गोष्ट सर्वांना सारखी मिळत नाहीं, याचा त्या देशाला कडू अनुभव आहे. कृष्णवर्णीय प्रवाशांस कोठें उतरूं देतात, हें सांगणारी मार्गदर्शिका व्हिक्टर ग्रीन यांना १९३६ पासून काढावी लागली. भेदभावाला बंदी घालणारा नागरी हक्कांचा कायदा १९६४ सालीं झाला. अहल्याबाई होळकरांनीं यात्रामार्गांवर धर्मशाळा बांधल्या. त्यांत उतरणाऱ्यास आपण कधीं फुकटा म्हटलें नाहीं. मग आपल्याच मंडळींनीं परदेशीं जाऊन हा शब्द कां उचलावा?

खरा आक्षेप निराळा आहे. कांहीं प्रवासी पटांगणांत खुर्च्या मांडतात, आठवडाभर हालत नाहींत, घाण पाणी तेथेंच सोडतात. त्यांच्यामुळें दारें बंद झालीं तर दोष दुकानदाराचा नव्हे. शिवाय घर गमावून गाडींतच राहणाऱ्यांची नगरसभांना भीति वाटते. सार्वजनिक जागेंत मुक्काम करण्याबद्दल दंड करण्यास २०२४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ग्रँट्स पास शहराच्या खटल्यांत ६ विरुद्ध ३ मतांनीं मुभा दिल्यापासून त्यांचा हात मोकळा झाला आहे. पण बेघरांना घर देणें हा एक प्रश्न, वाटसरूला एक रात्र देणें हा दुसरा. पहिला सुटत नाहीं म्हणून दुसऱ्याचें दार लावून घेणें आणि पेंगणाऱ्या माणसाच्या हातीं कित्येक टनांची गाडी देऊन त्याला पुढें हांकलणें, याला शहाणपण म्हणवत नाहीं.

मागणी माफक आहे. प्रत्येक राज्यानें विश्रांतिस्थळीं घरगाड्यांसाठीं जागा आंखून द्याव्या. मुदत १० तास, बाहेर बिऱ्हाड मांडण्यास मनाई, सांडपाणी सोडल्यास जबर दंड. खर्चापुरतें शुल्क घेण्यास आमची हरकत नाहीं. संघराज्याचे नियम आज त्याच्या आड येतात, ते बदलावे. दिवसा रस्त्यावरून जाण्यास प्रवाशाला कोणाची मेहेरबानी लागत नाहीं. रात्रीं त्याच रस्त्याच्या कडेला डोळा लावण्यासही ती लागूं नये.