भांडी कोण घासणार?



नववीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. नाव छापू नका असं तिनं लिहिलंय, म्हणून छापत नाही. पत्र थोडक्यात असं आहे :

‘आमच्याकडे भांडी आणि केर-फरशीला मावशी यायच्या. महिना दोन हजार रुपये. दिवाळी झाल्यावर त्यांनी पाचशे रुपये वाढवून मागितले. तीन वर्षांत वाढवले नव्हते. आई म्हणाली, एवढे पैसे कशाला? घरात चार माणसं आहोत, आपणच करू. मावशींनी काम सोडलं. आता सकाळची भांडी आई घासते. संध्याकाळची भांडी, केर आणि फरशी माझ्याकडे आलीय. दादा बारावीला आहे म्हणून त्याला कोणी सांगत नाही. बाबा रात्री आठला येतात. माझं गणित मागे पडलंय. मला कामाची लाज वाटत नाही. पण बाई लावणं चांगलं की आपण करणं चांगलं, ते तुम्ही सांगा.’

आता यावर ‘आपलं काम आपण करावं, श्रमाला प्रतिष्ठा आहे’ असं एक वाक्य लिहून मोकळं होता येईल. किंवा ‘अभ्यास महत्त्वाचा, बाई लावा’ असंही म्हणता येईल. पण दोन्ही उत्तरं अर्धीच आहेत. तेव्हा वही-पेन्सिल घ्या. आपण आधी हिशेब करू आणि मग हिशेबात न बसणाऱ्या गोष्टींकडे वळू.

समजा, चार माणसांची एका वेळची भांडी घासायला, विसळायला आणि पालथी घालायला अर्धा तास लागतो. दोन वेळचा एक तास. केर-फरशीला चाळीस मिनिटं. म्हणजे रोजची १०० मिनिटं. महिन्याचे दिवस ३० धरले तर ३,००० मिनिटं, म्हणजे बरोबर ५० तास! मावशींनी मागितलेला पगार २,५०० रुपये. भागाकार करा. तासाला ५० रुपये झाले. घरात ‘आपणच करू’ म्हटल्यावर जे पैसे वाचतात, ते या भावाने वाचतात.

आता पुढचा प्रश्न. हे ५० तास कोणाचे गेले? आपल्या मैत्रिणीचे रोज ७० मिनिटं, म्हणजे महिन्याला ३५ तास. आईचे १५ तास. दादाचे शून्य. बाबांचे शून्य. म्हणजे वाचलेल्या २,५०० रुपयांपैकी १,७५० रुपये आपल्या मैत्रिणीने वाचवले. घरात हे कोणाच्या लक्षात आलंय का? बहुतेक नाही. पैसे पाकिटातून जाताना दिसतात. वेळ जाताना दिसत नाही, म्हणून तो फुकट आहे असं वाटतं.

हाच हिशेब मावशींच्या बाजूनेही मांडून पाहू. त्यांचा हात सराईत. तेच काम त्या तासाभरात उरकत असतील. म्हणजे महिन्याचे ३० तास. दोन हजारात तासाला साधारण ६६ रुपये, अडीच हजारात ८३. ‘बघा, तासाला त्र्याऐंशी!’ असं कोणी म्हणेल. पण एका घरातून दुसऱ्या घरी चालत जायचा वेळ यात धरलेला नाही. कित्येक घरांत खाडा झाला की पगार कापतात, तेही धरलेलं नाही. ताप आला तरी खाडाच. आणि तीन वर्षांत दूध, गॅस, बसचं तिकीट, मुलांच्या वह्या यांतलं काय काय महागलं ते घरी विचारा. पगार तोच राहिला आणि वस्तू महागल्या, तर पगार खरं म्हणजे कमी झाला. मावशींनी वाढ मागितली ती हौसेने नव्हे.

अशी वाढ मागायला एकटीला अवघडच जातं. १९८० साली पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी एकत्र येऊन संप केला होता. कित्येक घरांतली भांडी मोरीत तशीच पडून राहिली, तेव्हा या कामाची किंमत सगळ्यांना कळली. पुणे शहर मोलकरीण संघटना त्यातूनच उभी राहिली. पुढे महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. २०११ साली जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या परिषदेत घरकामगारांसाठी खास करार मंजूर झाला. त्याचं म्हणणं सरळ आहे. घरात केलेलं काम हेही काम आहे, आणि ते करणारी व्यक्ती कामगार आहे. तिला ठरलेला पगार, सुट्टी आणि मान मिळाला पाहिजे.

म्हणून बाई लावणं यात कमीपणा किंवा पाप काही नाही. शहरात कितीतरी घरं याच कामावर चालतात आणि कितीतरी मुलांची शाळेची फी यातून भरली जाते. शिवाय आई शिवणकाम करत असेल, नोकरीला जात असेल किंवा आजीचं दुखणं काढत असेल, तर तिचा मोकळा झालेला तास फार मोलाचा असतो. त्या तासात तिने नुसती पाठ टेकली तरी तो वाया गेला असं समजू नका. विश्रांती हीसुद्धा गरजच आहे.

बरं, मग सगळंच काम पैसे देऊन करून घ्यावं का? थांबा, एक गोष्ट सांगतो.

गांधीजी दक्षिण आफ्रिकेत वकिली करत होते तेव्हाची ही गोष्ट. धोब्याचं बिल फार यायचं, आणि धोबी वेळेवर कपडेही देत नसे. रोज धुतलेली कॉलर हवी म्हणून डझनावारी कपडे बाळगावे लागत. मग गांधीजींनी काय केलं? धुलाईवरचं एक पुस्तक आणलं, सामान आणलं, आणि घरीच कपडे धुवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी कॉलरला खळ जास्त झाली, इस्त्री पुरती तापली नव्हती आणि जळेल या भीतीने त्यांनी ती दाबलीही नाही. तशीच कॉलर लावून ते कोर्टात गेले. कॉलरमधून खळ गळायला लागली आणि बाकीचे बॅरिस्टर हसायला लागले! गांधीजी मात्र डगमगले नाहीत. पुढे त्यांचा हात इतका बसला की १९१२ साली नामदार गोखले तिकडे गेले, तेव्हा गोखल्यांचं उपरणं गांधीजींनीच इस्त्री करून दिलं. ते उपरणं न्यायमूर्ती रानड्यांनी भेट दिलेलं, म्हणून गोखले त्याला जिवापाड जपायचे. वकील म्हणून तुमच्यावर विश्वास आहे, पण धोबी म्हणून नाही, अशी थट्टाही त्यांनी आधी केली होती. पण इस्त्री झालेलं उपरणं बघून ते खूश झाले.

या गोष्टीत शिकण्यासारखं बरंच आहे. पहिल्यांदा काम बिघडतंच, सवयीने जमतं. आपलं काम येत असलं की कोणावाचून अडत नाही. पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गांधीजींनी स्वतःची कॉलर स्वतः धुतली. ‘आपण स्वावलंबी होऊ या’ असं जाहीर करून ती दुसऱ्या कोणाच्या बादलीत टाकली नाही.

साने गुरुजींचंही तेच. अमळनेरला प्रतापहायस्कुलात शिक्षक असताना ते छात्रालय सांभाळत. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, कपडे धुऊन टाकत. भाषण नाही, रागावणं नाही. आपले सर आपला केर काढतात हे पाहून मुलांनाच वाटायचं, की हे आपण करायला हवं.

तेव्हा स्वावलंबन म्हणजे आपलं काम आपण करणं. चौघांचं काम एकीने करणं याला स्वावलंबन म्हणत नाहीत.

आणि हे काही एकाच घरातलं नाही. २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने भारतभर एक पाहणी केली. दिवसाचे चोवीस तास लोक कशात घालवतात, हे सहा वर्षांपासून पुढच्या माणसांना विचारलं. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका आणि मुली निघाल्या शंभरात ८१. पुरुष आणि मुलगे शंभरात २६. जे घरकाम करत होते त्यांच्यातही बायकांचा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, म्हणजे एका मिनिटाने कमी पाच तास! पुरुषांचा ९७ मिनिटं. हे आकडे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा, आणि मग आपल्या घराचे आकडे काढा.

मुलगे मंडळी, इथे जरा इकडे लक्ष द्या. ‘मी आईला मदत करतो’ असं तुम्ही म्हणता ना? चांगली गोष्ट आहे. पण जेवताना आपण आईला ‘जेवायला मदत’ करतो का? ताट आपण खरकटं करतो, मग ते घासणं हे मूळ काम आईचं आणि आपली फक्त मदत, असं कसं? बारावी अवघड असते हे कबूल. पण दिवसाकाठी पंधरा मिनिटं हात ओले केले म्हणून कोणाचे मार्क जात नाहीत. उलट डोकं जरा हलकं होतं. आणि नववीच्या मुलीचा तास बारावीच्या मुलाच्या तासापेक्षा स्वस्त नसतो. गणित दोघांनाही सुटायला हवं.

आता बाई लावायची की नाही हे ठरवताना माझ्या मते चार प्रश्न विचारावेत.

पहिला : हे काम माझं एकट्याचं आहे का? आपलं अंथरूण काढणं, आपलं ताट विसळून ठेवणं, आतले कपडे धुणं, डबा घासणं, बूट पुसणं ही कामं पैसे असले तरी दुसऱ्यावर टाकू नयेत. पाचवी-सहावीपासून ती प्रत्येकाने, मुलग्यानेही, करावीत.

दुसरा : काम सगळ्यांचं असेल तर त्याच्या पाळ्या लागल्यात का? भिंतीवर कागद लावून, चारही नावं लिहून? नसतील, तर ‘आपण करू’ मधला ‘आपण’ कोण, ते आधी ठरवा.

तिसरा : वाचलेल्या पैशाचं काय होणार, आणि वाचलेल्या वेळाचं काय होणार? पैशाची खरंच ओढ असेल, तर सगळ्यांनी मिळून काम करणं हेच उत्तम. पण महिन्याला अडीच हजार वाचवून तेच हॉटेलात खर्च होणार असतील, तर हिशेब चुकला. तसंच बाई लावून मिळालेला वेळ मोबाइलवर बोट फिरवण्यात जाणार असेल, तरी हिशेब चुकला.

चौथा : बाई लावली तर आपण तिला नीट वागवणार का? काम कोणतं, पगार किती, महिन्यात सुट्ट्या किती हे पहिल्याच दिवशी ठरवायचं. वर्षाला वाढ तिने मागायच्या आधी द्यायची. आजारपणाचे पैसे कापायचे नाहीत. चहाचा कप वेगळा ठेवायचा नाही. ताटातलं खरकटं काढून, भांड्यांत पाणी घालून ठेवायचं. वाळलेला भात खरवडताना नखं कशी दुखतात ते आपल्या मैत्रिणीला विचारा! तुमच्याहून मोठ्या बाईंना ‘अहो मावशी’ म्हणायचं, ‘ए’ म्हणायचं नाही. आणि त्यांच्याऐवजी त्यांची लहान मुलगी कामाला आली, तर तिला परत पाठवायला घरच्यांना सांगा. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यावर २००६ सालापासून बंदी आहे, आणि २०१६ सालच्या कायद्याने तर ती सगळ्याच धंद्यांना लागू झाली. ती मुलगी तुमच्याच वर्गात बसायच्या वयाची आहे.

आता मैत्रिणी, तुझ्यासाठी. आईवर रागावू नकोस. तिने विहिरीचं पाणी भरलं असेल, नसेलही, पण काटकसर ती तुमच्यासाठीच करतेय. एक आठवडाभर घरातलं प्रत्येक काम, ते कोणी केलं आणि किती मिनिटं लागली, एवढंच कागदावर लिही. कुरकुर करू नकोस, फक्त आकडे लिही. रविवारी जेवणानंतर चौघांसमोर तो कागद ठेव आणि सांग, ‘मी काम करणार आहे, पण एवढं एकटीने करणार नाही.’ मग दोन वाटा सुचव. एक तर चौघांच्या पाळ्या. रात्रीची भांडी बाबा आणि दादा आलटूनपालटून, केर तू, फरशी एक दिवसाआड. नाहीतर मावशींना परत बोलवायचं आणि भांड्यांचं काम वाढीव दराने त्यांना द्यायचं, केर-फरशी मात्र घरात वाटून घ्यायची. जी वाट धराल ती महिनाभर चालवून पाहा आणि मग पुन्हा बसा.

मला विचारशील तर मावशींना आधी भेटून या. तीन वर्षं त्यांनी तुमचं घर लख्ख ठेवलं. परत येणं त्यांना जमो न जमो, त्यांची मागणी रास्त होती एवढं तरी त्यांना कळायला हवं.

आणि बाकीच्यांसाठी या आठवड्याचा उद्योग : तुमच्या घरातला तसाच तक्ता करून पाठवा. शेवटच्या रकान्यात स्वतःची मिनिटं खरी खरी लिहा. शून्य असलं तरी चालेल, पण मग पुढच्या आठवड्यात तो आकडा बदलून पुन्हा पत्र पाठवायचं.