घर घेताय? कंत्राटदाराचे पैसे दिलेत का, तेही विचारा!

बेंगळुरूत घर बघायला गेलं की आपण विचारतो, कावेरीचं पाणी आहे का, मेट्रो किती लांब, आणि 'ईसी' स्वच्छ आहे का? ईसी म्हणजे सातबाऱ्यावर जसा बोजा बघतो, तसाच घरावरचा बोजा दाखवणारा दाखला. कन्नडमध्ये त्याला 'ऋणभार प्रमाणपत्र' म्हणतात. तो कावेरी पोर्टलवर ऑनलाइन मिळतो. मागितलेल्या काळात व्यवहार झाले असतील तर फॉर्म १५, काहीच नोंद नसेल तर फॉर्म १६.

पण ईसीत फक्त नोंदणी झालेले व्यवहार दिसतात. समजा, विकणाऱ्याने घर बांधून घेतलं आणि कंत्राटदाराचे आठ लाख थकवले. ही थकबाकी ईसीत कुठून दिसणार?

अमेरिकेत मेरीलँड राज्याने १७९१ सालीच यावर कायदा केला. तिथे बिल थकलं तर कंत्राटदार थेट त्या घरावरच आपला हक्क नोंदवू शकतो. आपल्याकडे तशी सोय नाही. इथे त्याला कोर्टात जावं लागतं, आणि त्यासाठी काम झाल्यापासून साधारण ३ वर्षांची मुदत असते. विकणारा मालमत्ता विकून मोकळा होईल असं वाटलं, तर कोर्ट निकालाआधीही घरावर जप्ती आणू शकतं. जप्तीनंतर केलेली विक्री कंत्राटदाराच्या दाव्यापुढे टिकत नाही. म्हणजे पैसे आपले आणि डोकेदुखीही आपलीच!

म्हणून एवढं करा:

१. घर नवं असेल किंवा नुकतंच दुरुस्त केलेलं असेल, तर कंत्राटदाराचं शेवटचं बिल आणि पैसे पूर्ण मिळाल्याची त्याची सही असलेली पावती मागा.

२. ई-कोर्ट्सच्या साइटवर विकणाऱ्याचं नाव टाकून दावे शोधा. हे मोफत आहे. फ्लॅट नव्या प्रकल्पातला असेल तर कर्नाटक रेराची साइटही बघा.

३. जुनी देणी विकणाऱ्याचीच, असं साठेखतात लिहून घ्या. बिल बाकी असेल तर तेवढी रक्कम राखून ठेवण्याची अट घाला.

४. खरेदीखताच्या आधी ताजी ईसी पुन्हा काढा आणि सगळे कागद वकिलांना दाखवा.

विचारायला संकोच वाटेल. पण आयुष्यभराची पुंजी आपली आहे. शिवाय तुमच्या एका प्रश्नामुळे, भिंती उभ्या करणाऱ्या मेस्त्रीचे अडकलेले पैसेही कदाचित सुटतील!